सुगंधाबाईंचे कुंकू आणि बत्तीस मेगाहर्ट्झचा क्रिस्टल

नशिराबाद, बुधवार

तीर्थस्वरूप तोताराम आबा यांस,

काल मंगळवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी जामनेर तालुक्यातील बन्सीलाल अण्णांच्या केळीच्या बागेतला पाण्याचा व्हॉल्व्ह कोणाचाही हात न लागता, बिनतारी संदेशावर, आपला आपण उघडला आणि एकवीस मिनिटांनी आपला आपण बंद झाला. त्या वेळी अण्णांच्या पत्नी सुगंधाबाई विहिरीजवळ हजर होत्या आणि त्यांनी या बातमीला दुजोरा दिला आहे.

पत्राच्या सुरुवातीला वडीलधाऱ्यांची तब्येत विचारायची असते हे मी विसरलेलो नाही, पण एकतीस वर्षे जळगावच्या वर्तमानपत्रात बातम्या लावण्यात गेल्यामुळे ताजे आधी आणि बाकीचे मागून ही खोड आता सुटणार नाही. तर आता विचारतो. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना? (दोन्हींचे डॉक्टर वेगळे असतात असे मला कोणीतरी सांगितले आहे.) ताईच्या डोळ्याचे काम आखाजीनंतर करायचे ठरले होते ते तसेच आहे ना? इकडे मी ठीक आहे. पारा त्रेचाळीसवर आहे, जेवण जाते, झोप लागते, आणि ज्योत्स्ना माझ्याशी पुन्हा बोलू लागली आहे. मधले चार दिवस ती माझ्याशी फक्त कामापुरते बोलत होती. त्याचा खुलासा संबंधित खात्याकडून पुढे येईलच. हे सगळे मोबाइलवर कळवता आले असते, पण तुम्ही मोबाइलवर तीन ओळींच्या पुढे वाचत नाही आणि चौथ्या ओळीला फोन ताईच्या हातात देता, म्हणून कागद घेतला.

तुमची आणि ताईची लेक ज्योत्स्ना गेल्या दिवाळीत पुण्याची नोकरी सोडून इकडे आली तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, ‘आखाजीपर्यंत बघ. जमलं तर जमलं, नाही तर परत जा.’ ते तिने भिंतीवर लिहिलेले नाही, पण कॅलेंडरकडे पाहताना तिचा चेहरा बघितला की कळते. पुण्याच्या कंपनीने तिची जागा अजून भरलेली नाही. हो की नाही ते महिनाअखेरीस कळवायचे आहे. आखाजी (कॅलेंडरवरची अक्षय तृतीया) येत्या रविवारी. आणि सोमवारी बन्सीलाल अण्णांच्या गटातले साठ केळीवाले अण्णांच्या बागेत तिचे यंत्र चालताना बघायला येणार आहेत. त्यांच्यासमोर चालले तर साठ बागांचे काम मिळते आणि नशिराबादच्या या दोन खोल्या उघड्या राहतात. गप्प बसले तर ज्योत्स्ना पुण्याला जाते, बेबाबाई पुन्हा सोनाराकडे पोत ओवायला जाते आणि मी दुसऱ्यांदा निवृत्त होतो. पहिल्या निवृत्तीत मी आठच महिने टिकलो होतो हे तुम्ही जाणता.

यंत्र असे आहे. बागेत ठिकठिकाणी बारा डब्या रोवायच्या. त्या मातीची ओल पाहतात आणि विहिरीवरच्या मोठ्या डब्याला बिनतारी कळवतात. मोठा डबा मग व्हॉल्व्ह उघडतो किंवा मिटतो. मोठा डबा म्हणजे चिपच्या कंपनीने स्वतः बनवून पाठवलेला तयार बोर्ड. बारा डब्यांचे बोर्ड मात्र ज्योत्स्नाने स्वतः आखलेले, आणि ते जोडले बेबाबाईने. बेबाबाई इथलीच, नशिराबादची. वीस वर्षे मंगळसूत्राचे काळे मणी ओवून तिची बोटे अशी झाली आहेत की खसखशीच्या दाण्याला सोल्डरचा डाग द्यायला सांगितले तर ती विचारेल, कोणत्या बाजूने.

या बोर्डावर एक क्रिस्टल असतो. धुळ्याच्या आग्रा रोडच्या गल्लीत चाळीस वर्षे रेडिओ उघडून बसलेल्या माणसाला क्रिस्टल म्हणजे काय ते मी सांगावे असे नाही, पण हे पत्र ताई मोठ्याने वाचणार आणि मध्येच थांबून तुम्हाला विचारणार, आणि तुम्ही तिला एका तासात सांगणार, त्यापेक्षा मीच चार ओळींत सांगतो. ताई, तांदळाच्या कणीएवढी एक धातूची डबी असते, चांदीसारखी चकाकणारी. तिच्या आत स्फटिकाची पातळ चकती. वीज लागली की ती थरथरते, सेकंदाला तीन कोटी वीस लाख वेळा (मी मोजलेले नाही). ही थरथर म्हणजे त्या चिपचा ठेका. बोलणाऱ्याचा ठेका आणि ऐकणाऱ्याचा ठेका जुळला तर ऐकू येते. दहा लाखांत पन्नास थरथरींचा फरक पडला की ऐकणारा बहिरा. म्हणून क्रिस्टल निवडताना ज्योत्स्नाने दोन आठवडे घातले. तो जागेत मावला पाहिजे, ठेक्यात मुळात फार चुकणारा नको, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बंद डबीत सत्तर अंशांना बहकायला नको, आणि त्याच्या दोन पायांशी जे दोन चिमुकले कपॅसिटर बसवतात त्यांचा मिळून भार त्याला जेवढा सवयीचा असेल तेवढाच मिळाला पाहिजे. हे शेवटचे मी तेव्हा नीट ऐकले नव्हते. तिने शेवटी एका चिठ्ठीवर लिहिले: बत्तीस मेगाहर्ट्झ, दहा, आठ. ती चिठ्ठी तिने खरेदी खात्याकडे दिली.

चिठ्ठीचे काय झाले ते नंतर. आधी मागच्या मंगळवारी काय झाले ते ऐका. आम्ही तिघे बारा डब्या घेऊन अण्णांकडे गेलो. ओट्यावर सतरंजीवर डब्या मांडल्या. नवे यंत्र घरात आले म्हणजे सुगंधाबाई ताट घेऊन येणार हे ओघानेच आले. त्यांच्याकडे मोटरला कुंकू आहे, फवारणीच्या पंपाला आहे, अण्णांच्या नव्या चष्म्याच्या डबीलासुद्धा आहे. सुगंधाबाई तुमच्याच पारोळ्याकडच्या गावची लेक. तुम्हाला ती भाऊ म्हणते आणि तुमच्या नावावर आम्हाला चहाऐवजी जेवण मिळते. तर ती आली तेव्हा ज्योत्स्ना पहिल्या डबीत बॅटरी घालत होती आणि डबी उघडी होती. बाकीच्या अकरा बंद. सुगंधाबाईने अकरांना झाकणावर टिळा लावला आणि पहिल्या डबीत वाकून पाहिले. आत सगळे हिरवे आणि काळे, एकच ठिपका चकाकत होता. चकाकतो तेच कपाळ, असे तिने ठरवले, आणि ज्योत्स्ना ‘अहो काकू’ म्हणेपर्यंत तिने बोट पाण्यात बुडवून, कुंकवात टेकवून, नेमका क्रिस्टलवर ओला टिळा लावला. वर दोन अक्षता. अक्षता ज्योत्स्नाने चिमट्याने काढल्या. कुंकू पुसायला गेली तेव्हा सुगंधाबाई अशा नजरेने बघत होती की पोरीने हात मागे घेतला. (मीही तेच केले असते. तुम्हीही.)

डब्या बागेत रोवल्या. विहिरीवरच्या डब्याने पहिली डबी ऐकली. बाकीच्या अकरांपैकी एकही नाही.

आपल्याकडे काहीही बिघडले की आपण आधी उन्हावर घेतो. तसे घेतले. डब्यांवर ओली गोणपाटे टाकली, केळीच्या पानांची सावली केली. काही नाही. मग अंतर जास्त असेल म्हणून पहिल्या डबीची आणि सातव्या डबीची जागा बदलली. पहिली तिथूनही बोलली, सातवी इथूनही गप्प. बॅटऱ्या बदलल्या, अँटेना सरळ केल्या. अण्णा खाटेवर बसून हे सगळे पाहत होते. ते मितभाषी गृहस्थ, देवधर्मात फारसे नाहीत आणि यंत्रांत तर नाहीतच. बाराच्या सुमारास पहिली डबीही गप्प झाली. ज्योत्स्नाने ती उघडली, आणि मागून सुगंधाबाईने वाकून पाहिले.

“वायी गयं,” ती म्हणाली. कुंकू वाळले होते. आणि कोणी काही बोलायच्या आत तिने बोट ओले करून त्यावर फिरवले. विहिरीवरचा डबा त्याच क्षणी बोलू लागला.

सुगंधाबाई शांतपणे म्हणाली, “बठ्ठास्ले लावा ना मंग.” म्हणजे सगळ्यांना, उरलेल्या अकराही डब्यांना. अण्णा खाटेवरून ज्योत्स्नाला म्हणाले, “ताई, मशीन चांगलं आहे तुमचं. फक्त दिवसातून दोनदा कुंकू ओलं करायला एक माणूस ठेवावा लागेल. साठ बागांना साठ.” ते चेष्टा करत होते की हिशेब, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.

बाराही डब्या आणि विहिरीवरचा मोठा डबा घेऊन आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना कागदांत डोके घालून बसली असताना बेबाबाईने, मला विचारून (मी मान हलवली हे नोंदवतो), बाकीच्या अकरांच्या क्रिस्टललाही ओले कुंकू लावले. सात बोलल्या. चार मेल्यासारख्या पडल्या. बेबाबाई म्हणाली, “या चौघींचं ग्रह काही ठीक नाही, भाऊ.” मला ते पटत चालले होते, आणि याचीच मला आज जास्त लाज वाटते. ज्योत्स्नाने वर पाहिले, उठली, जुना दात घासायचा ब्रश आणि स्पिरिट घेतले आणि एक डबी स्वच्छ घासली. डबी गप्प. मग तिने क्रिस्टलच्या पायाशी आपल्या बोटाचे टोक टेकवले. डबी बोलली. बोट काढले, गप्प. टेकवले, बोलली. असे तिने दहा वेळा केले आणि अकराव्यांदा न करता माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारले, “मामा, क्रिस्टलचं पाकीट कुठे आहे?”

आता संबंधित खात्याचा खुलासा. खरेदी खाते म्हणजे मीच. चिठ्ठीत बत्तीस, दहा, आठ लिहिले होते. मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, बत्तीस आहे, दहा आहे, आठ मात्र तीन आठवड्यांनी येईल. बारा हातात आहे, चालेल का? आबा, तुम्हीच सांगा. आठ हात दोर मागावा आणि दुकानदाराने बारा हात पुढे करावा तर कोण नाही म्हणतो? पाइप, ताडपत्री, कांद्याची गोणी, कुठेही आठाऐवजी बारा मिळाले की माणूस मान खाली घालून घरी घेऊन येतो आणि बोलत नाही. मीही मान खाली घालून घेऊन आलो आणि बोललो नाही. उलट मनातून खूश होतो की पोरीला सांगावे लागले नाही आणि चांगला मोठा माल मिळाला. ते दहा म्हणजे दहा लाखांत चालणारी चूक आणि ते आठ म्हणजे भाराचे माप आहे हे मला कळायला हवे होते. कळले नाही.

तिने ओरडून घेतले असते तर बरे झाले असते. तिने मला खुर्चीवर बसवून समजावले. भरल्या गाडीची सवय असलेला बैल रिकाम्या गाडीला जुंपला की तो पळतो. आपला बोर्ड आठाच्या भाराचा आखलेला; मी आणलेला क्रिस्टल बाराच्या भाराची सवय असलेला. तो हलक्या गाडीला लागला आणि पळत सुटला, ठेका पुढे गेला, विहिरीवरचा डबा, जो बरोबर ठेक्यात आहे, त्याला काही ऐकू येईना. सुगंधाबाईने ओले कुंकू लावले तेव्हा त्या ओलाव्याने गाडीत थोडे वजन पडले, आणि नेमके हवे तेवढे. वाळले की वजन गेले. बेबाबाईचा अंगठा रुंद, तिच्या हाताने चार गाड्यांत इतके वजन पडले की बैल बसलाच. हे ऐकल्यावर मी म्हणालो, म्हणजे ग्रह ठीक होते. ती म्हणाली, “ग्रह ठीक होते, मामा. मामाच...” आणि वाक्य तिथेच सोडून दिले. त्यानंतरचे चार दिवस ते कामापुरते बोलणे. माझ्या टेबलासमोर तिने एक कागद चिकटवला आहे: ‘जास्त म्हणजे चांगलं नव्हे.’ येणारी-जाणारी माणसे त्याला सुविचार समजून वाचतात आणि मान डोलावतात.

आठाचे क्रिस्टल यायला वेळ नव्हता. मग तिने उलटे केले: क्रिस्टल तोच ठेवला, गाडी भरली. प्रत्येक बोर्डावरचे ते दोन चिमुकले कपॅसिटर काढून मोठ्या मापाचे लावायचे. बारा बोर्ड, चोवीस कपॅसिटर. बेबाबाईने दोन दुपारी खाली मान घालून ते केले आणि तिसऱ्या दुपारी विचारले की अजून काही आहे का. तपासणीसाठी पुण्यात म्हणे भट्टीसारखे कपाट असते, त्यात यंत्र ठेवून तापवतात. आपल्याकडे पत्रे आहेत. छपराच्या पत्र्यावर बारा डब्या दुपारभर ठेवल्या. (उतरवताना माझे बोट भाजले, तेवढी शिक्षा योग्य होती.) बाराही बोलत राहिल्या. काल त्या पुन्हा अण्णांच्या बागेत रोवल्या आणि दोन चाळीसला काय झाले ते तुम्ही वर वाचलेच आहे.

इथे पत्र संपले असते तर किती बरे झाले असते. पण व्हॉल्व्ह बंद झाल्यावर सुगंधाबाईने ज्योत्स्नाला विचारले की, आत टिळा आहे ना? ज्योत्स्नाने खरे सांगितले की नाही, आता लागत नाही. लागत नाहीच, आता लावला तर उलट बिघडेल, भरल्या गाडीत आणखी वजन पडेल आणि डबी मुकी होईल. हे तिने बैलगाडीसकट सांगितले. सुगंधाबाईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पोरी, तूच त्या दिनले सांगं ना, कुकूमुये बोलनं म्हणीसन? आते तेच कुकू वाईट व्हई गयं का?” आणि ते खरेच होते. बोटाचा शोध लागल्यावर त्याच संध्याकाळी ज्योत्स्नाने आनंदाच्या भरात तिला फोन केला होता आणि म्हणाली होती, काकू, तुमच्या कुंकवामुळेच बोलत होती. या पोरीला खोटे बोलता येत नाही हा तुमच्या घराण्याचा दोष आहे.

मी मध्ये पडलो. म्हणालो, अक्का, झाकणावर लावा की, बाहेरून. देवाला पोचते. तिने माझ्याकडे पाहिले. “भाऊ, डबाना बाहेर कुकू लावणं म्हणजे नवरीले सोडीसन मांडवले हयद लावणं.” अण्णा खाटेवर हसले. त्यांना मी पहिल्यांदाच हसताना पाहिले आणि वेळ चुकीची होती. शेवटी एवढेच ठरले की रविवारपर्यंत ती हात लावणार नाही. आखाजीला मात्र पितरांची घागर भरल्यावर बाराही डब्यांची पूजा होईल, झाकण उघडून, चकाकत्या जागी, ओल्या कुंकवाने. झाकणाला चार स्क्रू आहेत हे मी आशेने सांगितले. तिने मला चाकू दाखवला.

म्हणजे रविवारी टिळे, आणि सोमवारी साठ केळीवाल्यांसमोर बारा मुक्या डब्या.

काल संध्याकाळपासून आमच्या दोन खोल्यांत फक्त यावर चर्चा आहे. क्रिस्टल आठाचा आणला तरी कुंकू त्याला चालणार नाही, उलट हलक्या गाडीत तेवढेच वजन जास्त जाणवते. मी सुचवले की वर लाख ओतून बंद करावे. ज्योत्स्ना म्हणाली, चकाकणारी जागा दिसली नाही तर काकू ती खरवडून शोधतील. ते पटले. तिसरी एक वस्तू आहे: क्रिस्टल, त्याचे भार, त्याला लागणारे सगळे एकाच बंद डबीत घातलेले, त्याला ऑसिलेटर म्हणतात, बोर्डावर त्याच जागी बसतो, उन्हातही ठेका सांभाळतो, आणि त्याच्या डोक्यावर काहीही ठेवा, आतल्या भाराला ते कळत नाही. फक्त तो वीज जास्त खातो. तीन वर्षे चालणारी बॅटरी दोन वर्षांत संपेल. साठ बागा, बागेत बारा, एवढ्या बॅटऱ्या वर्षभर आधी बदलत हिंडायचे. ज्योत्स्नाचा जीव त्या एका वर्षात अडकला आहे. तिने आखणीत एकेका मिनिटाची वीज वाचवली होती. असे दोन डझन ऑसिलेटर आज दुपारी कुरियरने आले (ते तिने गेल्या आठवड्यातच, असावेत म्हणून, स्वतः मागवले, खात्याला कळवले नाही) आणि ती त्यांच्याकडे नको असलेल्या पाहुण्यासारखी बघत बसली आहे.

बाकी सगळे ठीक. ताईला नमस्कार. गुडघ्याला लावायचे तेल पुन्हा हवे असेल तर कळवा. इथे ते मिळते.

आपला,
गोपाल

ता. क. १. खरे काम आता सांगतो. आबा, सुगंधाबाई कोणाचे ऐकत नाही, पण माहेरच्या वडीलधाऱ्या माणसाचे ऐकते, आणि आखाजीला तर ऐकतेच. तुम्ही शनिवारी धुळ्याहून निघून या. जमत नसेल तर फोन करा, पण मोठ्या आवाजात आणि तुमच्या गावाकडच्या बोलीत. एवढेच म्हणायचे: ‘बहीण, कुकू झाकणले लाव.’ कारण सांगू नका. तुम्ही कारण सांगायला लागलात की रेडिओपासून सुरुवात करता आणि तोवर माणूस कुंकू लावून मोकळा होतो. तिने तुमचे ऐकले तर साधा क्रिस्टल राहतो, बॅटरी तीन वर्षे राहते, आणि ज्योत्स्ना इथे राहते.

ता. क. २. तुमचा स्वतःचा कौल ‘पुण्याला परत जावे’ असा असेल तर वरचा फोन करू नका. पण मग आम्हाला तसे स्पष्ट कळवा. मोघम उत्तर छापायला अवघड जाते.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी ज्योत्स्नाने हे पत्र वाचले. मी पाणी प्यायला उठलो होतो. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, “मामा, ही एक काकू झाली. साठ घरांत साठ काकू आहेत. त्या सगळ्यांची माहेरं तुम्ही शोधत बसणार का?” मी म्हणालो, निवृत्त माणसाला वेळ असतो. ती म्हणाली, “त्यांनी कुंकू लावू नये असं मी सांगायचं नाही. लावल्यावर चालेल असं मी करायचं. ते माझं काम आहे.” तेव्हा ता. क. १ मागे घेत आहे. तुम्ही या, पण फक्त जेवायला.

तिने असे केले आहे. बेबाबाईकडून आजच दोन बोर्ड तयार करून घेतले. एकावर क्रिस्टलच्या जागी तो ऑसिलेटर. दुसऱ्यावर क्रिस्टल तोच, पण त्याच्यावर काळी टोपी, आणि बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे काहीच जोडलेले नाही तिथे, पितळेची एक गोल चकती, रुपयाएवढी, बेबाबाईने घासून घासून आरशासारखी केलेली. सुगंधाबाईला फसवायचे नाही हे ज्योत्स्नाने आधीच बजावले आहे. चकती कशाची आहे ते तिला सांगायचे, आणि मग तिला हवे तिथे लावू द्यायचे. मी फोन केला. सुगंधाबाईने विचारले, “दोन्हीस्मा मना कुकूले जागा शे ना?” म्हणालो, आहे. मग “येस,” म्हणाली, म्हणजे येते.

उद्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता ती आणि अण्णा नशिराबादला येत आहेत, कुंकू घरचे घेऊन. दोन्ही बोर्ड उघडे टेबलावर असतील आणि ज्योत्स्ना मीटर लावून बसेल. सुगंधाबाईची अनामिका जिथे टेकेल आणि टेकल्यावर जे बोलत राहील, ते शनिवारपर्यंत बाराही डब्यांत बसेल. उद्याच पाच वाजता, सोमवारची वाट न पाहता, साठ बागांचा माल मागवला जाईल. चिठ्ठी ज्योत्स्ना स्वतः वाचून दाखवणार आहे, दोनदा. त्यानंतर ती पुण्याला पत्र लिहायला बसणार आहे. काय लिहिणार ते तिने सांगितले नाही, पण दोन नवे टेबल-पंखे आणि बेबाबाईला मदतीला आणखी एक बाई हवी, एवढे मात्र ती मघाशी कागदावर लिहीत होती.